काकीचं खुराडं

काकीच्या कोंबड्या ज्यात अंडी घालायच्या ते खुराडं म्हणजे एका जुन्या एकवीस इंची टीव्हीची पाठ. काच, पिक्चर ट्यूब, तांब्याची तार सगळं भंगारवाला कधीच घेऊन गेला, ही मागची काळी पेटी तेवढी राहिली कारण "ह्या कोण घेणा नाय" असं काकीचं म्हणणं. फणसाच्या बुंध्याला टेकवून ठेवलेली, आत पेंढा, पावसात वर एक झाप. सात-आठ वर्षं तरी ती तिथेच होती आणि मी तिच्या बाजूने हजार वेळा गेलो असेन, कधी वाकून बघितलं नाही.

यंदा शिमगा झाल्यावर काकीच्या गुडघ्याने फारच त्रास दिला म्हणून अंडी काढायला मी वाकलो. पेटीच्या कडेला हात टेकला तर तळव्याला पांढरट भुकटी लागली, खडूने लिहून झाल्यावर लागते तशी. उन्हाने प्लास्टिक असं भुसभुशीत होतं हे मला माहीत आहे, त्यात नवल काही नाही. पण मग सवयीने मोबाईलचा टॉर्च आत मारला आणि आतल्या बाजूला, साच्यातूनच उठलेली बारीक अक्षरं दिसली. एचआयपीएस, पुढे एफआर, आणि कंसात १९.

मी तिथेच पेंढ्यावर बसलो.

दुसऱ्या कुणाला तो नुसता कंपनीचा काहीतरी नंबर वाटेल. एचआयपीएस म्हणजे हिप्स, पॉलिस्टायरीनचा जरा दणकट प्रकार. एफआर म्हणजे आगीला दाद न देणारा. आणि १९ हा आकडा सांगतो की आग रोखायला नेमकं काय घातलंय, ब्रोमीन भरलेली डायफिनाइल ईथर आणि जोडीला अँटिमनी. हिप्सच्या टीव्हीत ते बहुतेक वेळा डेका असायचं, पूर्ण नाव डेकाब्रोमोडायफिनाइल ईथर. आम्ही कंपनीत नुसतं डेका म्हणायचो, जसं घरात पिठाला पीठ म्हणतात.

मी १९९८ ते २०११ वसई पूर्वेला एका कंपाऊंडिंगच्या गाळ्यात काम केलं. नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही, तसे गाळे तिथे गल्लीगल्लीत होते. कंपाऊंडिंग म्हणजे साधं सांगायचं तर प्लास्टिकचा कोरा दाणा घ्यायचा, त्यात पावडरी, रंग, तेल जे काय पार्टीला हवं ते मिसळायचं, एक्स्ट्रूडरमध्ये वितळवायचं आणि परत दाणा करून गोणीत भरायचं. डायमधून बाहेर येणारे ते गरम धागे बघितले की मला पहिल्या दिवसापासून शिरवाळे आठवायचे, आई साच्यातून पाडायची तसे, फक्त हे नारळाच्या रसात न पडता पाण्याच्या लांब टबात पडायचे आणि पुढे कटर त्यांचे तांदळाएवढे तुकडे करायचा. टीव्हीच्या मागच्या पेटीला लागणाऱ्या मालाची आमची रेसिपी अशी, शंभर किलोत बारा किलो डेका, चार किलो अँटिमनी ट्रायऑक्साइड, बाकी हिप्स आणि किरकोळ. दोन्ही पावडरी पांढऱ्या, मैद्याहून बारीक. गोणी फाडून मिक्सरमध्ये ओतली की ढग उठायचा. तोंडाला रुमाल. मास्क होते, पण ते ऑडिटच्या दिवशी कपाटातून बाहेर यायचे.

माझं खरं काम लॅबचं. लॅब म्हणजे पत्र्याच्या पार्टिशनमागची एक खोली, तिथे आम्ही माल जाळून बघायचो. पाच इंच लांब आणि अर्धा इंच रुंद अशी पट्टी वरून चिमट्यात उभी टांगायची, खाली फूटभरावर कापूस ठेवायचा आणि बर्नरची पाऊण-एक इंच निळी ज्योत पट्टीच्या खालच्या टोकाला दहा सेकंद लावायची. काढायची. घड्याळ बघायचं. विझली की परत दहा सेकंद. एका मालाच्या पाच पट्ट्या. साध्या हिप्सची पट्टी पेटली तर काळा धूर आणि काजळीच्या जळमटांनी खोली भरायची, जळते थेंब टपटप कापसावर पडायचे आणि कापूस भक्कन पेटायचा. आणि डेका घातलेली पट्टी? ज्योत काढली की आग स्वतःच दोन-तीन सेकंदांत, कुणीतरी फुंकर मारल्यासारखी, जायची. थेंब नाही, कापूस पांढराच्या पांढरा. दर वेळी दहा सेकंदांच्या आत विझली आणि पाचही पट्ट्यांच्या दोन्ही वेळचे सेकंद मिळून पन्नासच्या आत राहिले की मालाला व्ही-झीरो हा दाखला. पहिल्यांदा माझ्या हातून व्ही-झीरो निघाला त्या रात्री मी खुशीत गावी एसटीडीवरून फोन केला होता. बाबांना काय ते कळलं नाही, पण आग लागणार नाही असा टीव्ही करतो म्हटल्यावर ते म्हणाले, "मगे बरा काम करतंस."

आणि ते बरं काम होतंच, हे मी आजही म्हणतो. आमच्याकडे पावसाळ्यात लाईट कशी खेळते ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको, व्होल्टेज मध्येच चढतं, मध्येच पडतं, वीज कडाडली की पहिला हात प्लगकडे. चार वर्षांपूर्वी जुलैत माझ्याच घरात फ्रीजचं सॉकेट रात्री तापून काळं पडलं, आत ठिणग्या उडाल्याच्या खुणा होत्या, प्लेट वितळून वाकडी झाली, पण पेटली नाही. मागे लाकडी पट्टी, वर वाशांचं छप्पर. त्या प्लेटमध्ये आग रोखणारं काही नसतं तर मी हे लिहायला नसतो कदाचित. म्हणून कुणी सरसकट म्हणतं की ही सगळी विषं आहेत, बंद करा, तेव्हा मला ते मान्य होत नाही. आता माझं इथे इलेक्ट्रिकचं दुकान आहे, रोज गिऱ्हाईक एफआर वायर मागतं आणि मी आनंदाने देतो. (त्या वायरीतलं पीव्हीसी मुळात क्लोरीनचं, त्यामुळे तिथे ब्रोमीनची फारशी गरज पडत नाही.) प्रश्न आग रोखायची की नाही हा कधीच नव्हता. कशाने रोखायची, कुठे रोखायची आणि ती वस्तू म्हातारी झाली की पुढे काय, हे कुणी विचारलंच नाही. मीपण नाही.

ब्रोमीन आग कशी विझवतं ते सांगतो, कारण ते मला अजूनही सुंदर वाटतं. प्लास्टिक स्वतः जळत नाही, ते तापून त्यातून वायू निघतो आणि तो वायू जळतो. ज्योतीत हायड्रोजनचे आणि हायड्रॉक्सिलचे सुटे, अस्वस्थ कण असतात, एक दुसऱ्याला पेटवतो, दुसरा तिसऱ्याला. शिमग्यात पालखी खांद्यावरून खांद्यावर नाचत जाते ना, तशी आग जाते. डेकासारख्या रेणूतलं ब्रोमीन तापल्यावर सुटतं, हायड्रोजन ब्रोमाइड होऊन ज्योतीत शिरतं आणि ते सुटे कण पकडून गप्प करतं. खांदेच काढून घेतल्यावर पालखी चालणार कशी. अँटिमनीचं काम एवढंच की ब्रोमीनला बरोबर घेऊन ज्योतीपर्यंत पोचवायचं, म्हणून दोघांची जोडी. डेकाच्या वजनात ८३ टक्के नुसतं ब्रोमीन असतं, त्यामुळे थोडक्यात काम व्हायचं आणि म्हणून ते कंपन्यांना परवडायचं.

पण ते प्लास्टिकला बांधलेलं नसतं, खरी गोम इथे आहे. सर्किट बोर्डाच्या इपॉक्सीत जे टीबीबीपीए नावाचं ब्रोमीनचंच दुसरं रसायन वापरतात ते बहुतांशी रेणूतच गुंफलं जातं, सहजी सुटत नाही. (त्यालाही २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने माणसाला बहुधा कॅन्सरकारक या गटात टाकलंय, हे लक्षात असू दे.) डेका तसं नाही, ते नुसतं मिसळलेलं. तांदळाच्या डब्यात सुक्या बांगड्याची पुडी ठेवली तर काय होतं? तांदूळ तांदूळच राहतो आणि बांगडा बांगडा, पण वास हळूहळू डबाभर होतो. तसं ते वर्षानुवर्षं टीव्हीतून, खुर्चीच्या कापडातून, पडद्यातून बाहेर येतं आणि घरातल्या धुळीत जाऊन बसतं. उन्हात तर आणखी एक होतं, डेकातले ब्रोमीन एकेक करून गळतात आणि त्यातून कमी ब्रोमीनचे, लहान रेणू तयार होतात जे शरीरातल्या चरबीत जास्त सहज शिरतात आणि जास्त टिकतात. म्हणून त्या भुकटीला हात लागला तेव्हा मी बसलो.

आता घरातलं सांगतो, जे मी फार कुणाशी बोललेलो नाही.

२००१ मध्ये आमची मुलगी झाली. वसईत दहा बाय बाराची खोली. मी शिफ्टवरून यायचो तो कपड्यांवर पांढरं घेऊनच यायचो, कॉलरच्या आत, केसांत, कानाच्या मागे, आणि ती रांगत दारापर्यंत यायची आणि पहिली माझी पँट धरायची, मग तीच मूठ तोंडात. बायको ओरडायची, "अगोदर आंघोळ करा मगे तिका घेवा." ती वेंगुर्ल्याची, तिच्या माहेरी मासळी विकून आलेल्या बाईला अंगणात पाय धुतल्याशिवाय बाळ देत नसत, त्या हिशोबाने ती बोलायची. मी म्हणायचो, अगं पावडर आहे ती, वासपण नाही तिला. खरंच वास नव्हता. माझे कपडे ती बाकीच्या कपड्यांबरोबर, मुलीच्या लंगोटांबरोबर, एकाच बादलीत भिजवायची.

आणि याच्या दोनच वर्षं आधी, १९९९ मध्ये, स्वीडनमधल्या संशोधकांनी एक गोष्ट छापली होती. त्यांच्याकडे १९७२ पासूनचं आईचं दूध साठवून ठेवलेलं होतं, दुसऱ्याच कशासाठी तरी. ते काढून त्यांनी त्यात ही ब्रोमीनची ईथरं शोधली. १९७२ ते १९९७ या काळात दर पाच वर्षांनी प्रमाण साधारण दुप्पट होत गेलेलं. डीडीटी, पीसीबी ही जुनी विषं दुधातून कमी होत होती आणि हे एकटंच चढत होतं. त्याच वर्षी तिथेच जुने कॉम्प्युटर फोडणाऱ्या कामगारांचं रक्त तपासलं तर त्यातही हे सापडलं. आमच्या गाळ्यात ही बातमी कधी आली नाही. मला ती कळली २००८ मध्ये, तीसुद्धा आरोग्याच्या काळजीपोटी नाही, तर धंद्याच्या कागदातून. युरोपने १ जुलै २००६ पासून इलेक्ट्रॉनिक मालात ही ईथरं बंद केली होती, डेकाला मात्र सवलत दिली होती, ती सवलत त्यांच्या कोर्टाने २००८ मध्ये रद्द केली आणि आमच्या एक्स्पोर्टवाल्या पार्ट्या एकदम सर्टिफिकेट मागायला लागल्या. सर्टिफिकेट कशाचं ते समजून घ्यायला मी सायबर कॅफेत बसलो आणि वाचता वाचता आईच्या दुधापर्यंत पोचलो. मुलगी तेव्हा सात वर्षांची होती. त्या रात्री मी घरी जाऊन बायकोला काही सांगितलं नाही, फक्त कपडे वेगळ्या बादलीत टाकले. तिने बघितलं. तिनेही काही विचारलं नाही.

मग आम्ही डेका बंद केलं का? केलं, एक्स्पोर्टच्या मालाला. त्याच्या जागी आलं डेकाब्रोमोडायफिनाइल ईथेन. मधला ऑक्सिजन काढून दोन कार्बन लावले, बाकी दहाच्या दहा ब्रोमीन जागच्या जागी. नाव बदललं, गोत्र तेच. लोकल मालाला जुनं डेका चालूच होतं कारण स्टॉक पडला होता. मी आणखी तीन वर्षं काढली तिथे, खोलीचे हप्ते होते. हे मी लपवत नाही.

डेकाच्या रक्तातल्या मुक्कामाबद्दल वाचलं तेव्हा थोडा जीव भांड्यात पडला, ते रक्तातून साधारण पंधरा दिवसांत निम्म्यावर येतं. पण त्याच्या लहान भावंडांना, चार-पाच ब्रोमीनवाल्यांना, वर्षं लागतात. आणि सगळ्यात जास्त कुणाच्या पोटात जातं तर रांगणाऱ्या मुलांच्या, कारण ती जमिनीवर असतात आणि हात तोंडात असतो. थायरॉइडच्या हार्मोनशी याची ठेवण जुळते, म्हणून वाढीच्या वयात याची भीती जास्त.

या सगळ्याची पहिली मोठी शिक्षा अमेरिकेत मिशिगनच्या गाईगुरांना मिळाली होती, १९७३ मध्ये. तिथली एक कंपनी एकीकडे गुरांच्या खाद्यात घालायचं मॅग्नेशियम ऑक्साइड बनवायची आणि दुसरीकडे पीबीबी, म्हणजे ब्रोमीनचंच आग रोखणारं. एकाचं नाव न्यूट्रीमास्टर, दुसऱ्याचं फायरमास्टर. गोण्यांची अदलाबदल झाली. फायरमास्टर खाद्यात मिसळून गोठ्यांत पोचलं, गाईंचं दूध आटलं, खूर वेडेवाकडे वाढले, वासरं मेली, आणि कारण कुणाला कळेना. केमिकल इंजिनिअरिंग शिकलेला एक शेतकरी हट्टाला पेटला, नमुने पाठवत राहिला, तेव्हा १९७४ मध्ये उलगडा झाला. ३०,००० च्या आसपास गुरं आणि १५ लाख कोंबड्या मारून पुरल्या. तोपर्यंत जवळजवळ वर्षभर लोक ते दूध पीत होते, ती अंडी खात होते, आणि त्यांच्या मुलानातवंडांची तपासणी अजून चालू आहे. गोण्यांची अदलाबदल आमच्या गाळ्यातही झालीय, टॅल्कच्या जागी अँटिमनी पडलंय, म्हणून हे वाचताना माझे हात गार पडले होते.

कोंबड्या म्हटलं की परत परसातच येतो मी. पण त्याआधी समुद्राकडे जायला हवं, कारण ब्रोमीन येतं तिथूनच.

माझे आजोबा शिरोड्याच्या मिठागरात कामाला होते. ज्या आगरांवर १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला तीच ही आगरं. लहानपणी मी त्यांची पेज घेऊन जायचो. भरतीचं पाणी आत घ्यायचं, वाफ्यातून वाफ्यात फिरवायचं, ऊन त्याला आटवत जातं आणि शेवटच्या वाफ्यात मीठ धरतं. ते ओढून झाल्यावर तळाला जे पाणी राहतं ते मी एकदा बोटाने चाटलं होतं. तेलकट, कडू, घशाला डसणारं. आजोबा म्हणाले, "ता विख आसा, थुक," आणि ते पाणी त्यांनी परत खाडीला सोडून दिलं. त्या कडू पाण्यात ब्रोमीन असतं. समुद्राच्या लिटरभर पाण्यात जेमतेम ६५ मिलिग्रॅम, पण मीठ काढून घेतल्यावर उरलेल्या पाण्यात कितीतरी पट दाटलेलं. १८२६ मध्ये फ्रान्समधल्या मॉन्पेलिएच्या मिठागरातल्या असल्याच पाण्यात आंत्वान बालार नावाच्या तरुणाने क्लोरीन सोडला आणि त्यातून तांबडं, घाण वासाचं द्रव्य निघालं. ग्रीकमध्ये घाण वासाला ब्रोमोस म्हणतात, तेच नाव पडलं. आपल्या देशात ब्रोमीन निघतं ते मुख्यतः कच्छच्या रणातल्या अशाच कडू पाण्यातून, मृत समुद्राकाठी इस्रायल आणि जॉर्डन काढतात. आजोबांच्या पायाखाली जे होतं तेच मी पुढे तेरा वर्षं गोणीतून ओतलं. मला यात नशीब वगैरे काही दिसत नाही, पण त्या पाण्याची चव मला अजून आठवते.

मिठाचा आणखी एक संबंध मला भंगारात दिसला. आमचा मालक स्वस्त दाण्यासाठी भंगारवाल्यांकडून भुगा घ्यायचा, त्यांच्याकडे मी माल बघायला जायचो. टीव्ही, प्रिंटर, कॉम्प्युटरची खोकी फोडून केलेले काळे तुकडे, त्यात हिप्स, एबीएस नावाचं दुसरं प्लास्टिक, सगळं एकत्र. ते वेगळं करायची त्यांची पद्धत अशी, टाकीत पाणी, त्यात खडे मीठ ओतत राहायचं जोवर साधा तुकडा वर येत नाही. मीठ बरोबर पडलं की साधं प्लास्टिक तरंगतं आणि ब्रोमीनवालं, जड असल्यामुळे, तळाला बसतं. कुठलं मशीन नाही, सर्टिफिकेट नाही, चाळीस रुपयांच्या मिठात निवाडा. तिथली पोरं दुसरी पण एक परीक्षा करायची, तुकडा लायटरवर धरून नाकाजवळ न्यायची आणि वासावरून जात सांगायची. एफआर असेल तर नाक झोंबतं. ती पोरं अठरा-वीसची होती, दिवसाला असे शेकडो तुकडे हुंगत होती. मी त्यांना एकदाही म्हटलं नाही की नका रे हुंगू.

आणि तळाला बसलेला माल? तो टाकून देत असतील असं वाटत असेल तर नाही. तो काळ्या दाण्यात स्वस्तात जातो. काळा रंग सगळं झाकतो. म्हणून जगात बऱ्याच देशांत तपासण्या झाल्या तेव्हा ज्यांना आग रोखण्याची काहीच गरज नाही अशा वस्तूंत हे सापडलं, पोरांच्या फिरवायच्या रंगीत क्यूबमध्ये, खेळण्यांत, काळ्या पळी-कालथ्यांत. खेळण्याला कशाला हवं व्ही-झीरो? ते कुणी घातलेलं नाही, ते टीव्हीतून चालत आलेलं आहे. इथे एक सांगायलाच हवं, २०२४ मध्ये अमेरिकेत काळ्या प्लास्टिकच्या कालथ्यांवरचा एक अभ्यास फार गाजला, व्हॉट्सॲपवर तर स्वयंपाकघरात बॉम्ब असल्यासारखा फिरला. त्यात हिशोबाची चूक होती. साठ किलोच्या माणसाची दिवसाची मर्यादा ४,२०,००० नॅनोग्रॅम यायला हवी तिथे ४२,००० धरली गेली, एक शून्य राहिलं, आणि धोका दसपट मोठा दिसला. नंतर दुरुस्ती छापली. दुरुस्ती कुणी फॉरवर्ड केली नाही. पण चुकीच्या शून्यामुळे घाबरू नये हे जितकं खरं तितकंच हेही खरं की टीव्हीतलं ब्रोमीन आमटीच्या पळीत यायचं काही कारण नव्हतं. माझ्या घरात आता पळी लाकडाची आणि स्टीलची आहे.

कायदे झाले. चार ते सात ब्रोमीनवाली भावंडं २००९ मध्ये घातक रसायनं बंद करायच्या स्टॉकहोमच्या आंतरराष्ट्रीय करारात आली, थर्माकोलच्या शीटमध्ये घालायचं एचबीसीडी २०१३ मध्ये, डेका २०१७ मध्ये. आपल्या सरकारने २०२० मध्ये त्या करारातल्या सात रसायनांवरच्या बंदीला मंजुरी दिली, डेका त्या सातांत नव्हतं. ई-कचऱ्याच्या नियमांतही या ईथरांना ०.१ टक्क्याची मर्यादा आहे. हे सगळं नव्या मालासाठी. जो माल विकून झाला, गावोगाव पोचला, ट्रंकेवर, कपाटावर, ग्रामपंचायतीच्या खोलीत वीस वर्षं बसला आणि आता परसात पडलाय त्याचं काय?

आमच्याकडे तो जळतो. दुसरं काय होणार. मार्चमध्ये भाजावळ करतात, कवळ, शेण, पातेरा शेतात पसरून पेटवतात म्हणजे तरवा, भाताची लावणीची रोपं, चांगला येतो. पूर्वी त्यात सगळं झाडाचं असायचं. आता परसातला कचरापण त्यातच ढकलतात, पिशव्या, चपला, मोडक्या खुर्च्या, चार्जर, रिमोट. ब्रोमीनवालं प्लास्टिक असं मंद, धुमसत जाळलं की ते नीट जळत नाही, त्याचं कामच ते आहे, आणि त्या अर्धवट आगीत ब्रोमीनची डायॉक्सिन आणि फ्युरान नावाची विषारी रसायनं तयार होतात जी मूळ डेकापेक्षा कितीतरी वाईट. आणि राख मिसळते भाताच्या तरव्यात. यंदा शेजारच्या वाडीत मी एका पुतण्याच्या हातातून जुना कीबोर्ड काढून घेतला, तो माझ्याकडे वेड्यासारखा बघत राहिला. त्याला मी उभ्या उभ्या जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. तो म्हणाला, "मगे खय टाकू ता सांग." मी कीबोर्ड घेऊन दुकानात आलो.

आता त्या पेटीचं.

ई-कचरा फोडतात त्या जागांच्या आसपास मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्यांच्या अंड्यांत ब्रोमीनची ही रसायनं सापडलीत, चीनमध्ये, घानामध्ये. कोंबडी माती टोचते, मातीतलं तिच्या चरबीत जातं, चरबीतलं बलकात. काकीचं परस म्हणजे काही घाना नाही, एक पेटी आहे, पण ती पेटी भुकटी होऊन पेंढ्यात पडत होती, त्या पेंढ्यात कोंबड्या आठ वर्षं बसत होत्या आणि ती अंडी काकी माझ्या नातीला पाठवत होती. मी काकीला सांगायला बसलो. रसायनाचं नाव घेतलं नाही, म्हटलं काकी, ह्यात आग विझवायचं औषध असतं, ते आता सुटतंय.

काकी म्हणाली, "आगीक मारणारा औषध कोंबड्यांक काय करतला?"

मी म्हटलं तेच तर.

ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "तू करी होतंस ना ता हेच?"

हो म्हटलं.

तिने पुढे काही विचारलं नाही. वेताचं जुनं डालगं माळ्यावरून काढायला सांगितलं, त्यात नवा पेंढा घातला. पेटी मी ताडपत्रीत गुंडाळली, बांधली. भंगारवाल्याला द्यायची नाही कारण पुढचा रस्ता मला पाठ आहे. मुंबईला एका रीतसर ई-कचरा घेणाऱ्याकडे फोन केला तर ते म्हणाले बोर्ड असेल, तांबं असेल तर घेऊ, नुसतं खोकं नको, शिवाय एवढ्या लांबून एका नगासाठी गाडी येत नाही. मग आता मी दुकानाच्या मागे एक जागा केलीय. गिऱ्हाईकांना सांगतो, जुने बोर्ड, खोकी, रिमोट, जाळू नका, आणून ठेवा, टेम्पोभर झाला की एकदम पाठवू, भाडं मी देतो. तीन महिन्यांत पंचवीसएक नग झालेत. आत एफआर लिहिलेलं असेल त्यावर मी खडूने फुली मारतो.

फणसाखालची वरची चार बोटं माती पण मी खोऱ्याने काढली, दोन सिमेंटच्या पिशव्या भरल्या आणि त्या पेटीच्या बाजूला ठेवल्या. काकीने नवं डालगं ओटीवर ठेवलंय, सावलीत, चांगलं उबदार. पण कोंबड्यांना सवय बुंध्याची. सकाळी बघावं तर दोघी त्या उकरलेल्या खळग्यातच बसलेल्या असतात, आणि मी त्यांना उचलून ओटीवर आणून ठेवतो.